मी टॅप करणार नाही

२ मार्च, सोमवार

आदेश आला. तीन आठवड्यांचा ग्राउंड फायटिंग कोर्स. म्हणजे जमिनीवर पडून लढायचं. प्रत्येक विभागातून एक माणूस. स्टोअरमधून माझं नाव. स्टोअरमध्ये आम्ही दोघंच आणि दुसऱ्याचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालंय, पण म्हणून माझी निवड झाली असं म्हणणं चूक ठरेल. एकोणीस वर्षं बूट, ब्लँकेट आणि बादल्या सांभाळणाऱ्या माणसात काय दडलंय हे शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं.

कोर्स संपल्यावर बारा जणांतून एकाला सहायक उस्ताद म्हणून ठेवून घेणार. ती जागा मला हवी आहे. कारण लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. लेक दुसरीत असताना बाईंनी वर्गाला ‘माझे बाबा काय करतात’ याचं चित्र काढायला सांगितलं होतं. लेक मला विचारायला आली तेव्हा मी सातशे मोज्यांचा ताळा लावत होतो. घाईत म्हणालो, काढ, बाबा सैनिकांना लढायला शिकवतात. तिने काढलं. माझ्या एका हातात एक माणूस, दुसऱ्या हातात दुसरा, दोघेही रडतायत. तेव्हापासून चौदा वर्षं ती हेच सांगत आली. शाळेत, मैत्रिणींना, कॉलेजच्या फॉर्मवर. २१ तारखेला कोर्सचं प्रात्यक्षिक आहे. घरच्यांना बोलावणं आहे. लेक हॉस्टेलवरून मुद्दाम येणार आहे.

म्हणजे चौदा वर्षांचं खोटं एकोणीस दिवसांत खरं करायचं आहे. अवघड नाही. मनावर घ्यायचा अवकाश.

संकल्प: पहाटे साडेचारला उठणे. साखर बंद. सहा किलो कमी. उस्तादांवर पहिल्याच दिवशी छाप पाडणे, पण फार नाही, बाकीचे दचकतील.

३ मार्च, मंगळवार, सकाळी ६.१०

साडेचारचा गजर झाला. बंद केला. गजर उत्तम चालतो याची खात्री झाली, हेही थोडं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

उस्ताद माझ्या स्टोअरमधल्या काही ब्लँकेटांपेक्षा वयाने लहान आहेत. माणूस चांगला, पण नियमांचा फार. लढाई कमी, नियम जास्त. नखं तपासली. खिसे रिकामे करायला लावले. माझ्या खिशातून निघालं: पेन, पट्टी, किल्ल्यांचा जुडगा, दुसरं पेन. अंगठ्या काढायला लावल्या. माझी बावीस वर्षांत निघालेली नाही. साबण लावून, तेल लावून, दोघांनी ओढून शेवटी निघाली. घरी बायको म्हणाली, इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते तुमच्या उस्तादांनी एका सकाळीत केलं. तिला नक्की काय म्हणायचं होतं ते विचारलं नाही.

लढत अशी: दोघांनी पाठीला पाठ लावून मॅटवर बसायचं. शिट्टी झाली की वळायचं आणि धरायचं. ठोसा नाही, लाथ नाही, एकेकटं बोट पिरगळायचं नाही. जोर द्यायचा तो हळूहळू. आणि पकडीत सापडलेल्याला सहन होईना तर त्याने टॅप करायचं. म्हणजे जोडीदाराच्या अंगावर नाहीतर मॅटवर हाताने तीनदा थोपटायचं. हात अडकला असेल तर पायाने, पायही अडकला असेल तर तोंडाने. टॅप झाला की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. उस्ताद म्हणाले, टॅप म्हणजे हार नव्हे, उद्या पुन्हा सरावाला येता यावं याची ती सोय आहे.

नवशिक्यांसाठी ठीक आहे. मी मात्र ठरवलंय. मी टॅप करणार नाही. ज्याने टॅप केलं त्याला सहायक उस्ताद कोण करील?

४ मार्च, बुधवार

जोड्या वजनावरून लावतात. मी त्र्याऐंशी किलो, पण उस्तादांनी माझी जोडी लावली रेडिओ विभागातल्या सगळ्यांत हडकुळ्या पोराशी. त्याला सगळे पेन्सिल म्हणतात. उस्ताद म्हणाले, काका, सुरुवातीला हलका जोडीदार बरा. माझ्या वजनाच्या माणसांचा जीव त्यांना प्यारा असणार.

पेन्सिल माझ्या छातीवर बसला. कसा ते कळलं नाही. मग माझा एक हात कुठेतरी गेला. मी टॅप केलं नाही. पेन्सिल म्हणाला, काका, टॅप करा. मी नाही केलं. पेन्सिलने उस्तादांकडे पाहिलं आणि मला आपणहून सोडून दिलं. याला म्हणतात मानसिक विजय.

उस्तादांनी बाजूला घेऊन तेच पुन्हा समजावलं. मी मान डोलावली. म्हणजे डोलावायचा प्रयत्न केला.

५ मार्च, गुरुवार

मान डावीकडे वळत नाही. एका अर्थी बरंच आहे. मला वळवता येत नाही तर शत्रूला काय कपाळ वळवता येणार.

साखर आजपासून बंद. कालची आणि परवाची धरू नये.

६ मार्च, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. पेन्सिलचा दंड माझ्या काखेत आला आणि मी दोन्ही हातांनी असा काही आवळला की यंव. त्याने टॅप केलं. पुन्हा केलं. मी सोडलं नाही. वैर म्हणून नव्हे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं, ते लगेच कसं सोडवणार? स्टोअरमध्ये सही घेतल्याशिवाय मी झाडूसुद्धा सोडत नाही. शेवटी उस्तादांनी येऊन माझी बोटं एकेक करून उघडली.

नंतर त्यांनी मला बाहेर शेडमध्ये मॅट मोजायला पाठवलं आणि बाकीच्या अकरा जणांशी दहा मिनिटं हळू आवाजात बोलले. माझ्या पकडीचं विश्लेषण चाललं असणार. माणसाच्या तोंडावर स्तुती करू नये हे उस्तादांना कळतं. मॅट चोवीस भरल्या.

७ मार्च, शनिवार

सहा लढती, सहा विजय. विश्वास बसणार नाही, पण वही खोटं बोलत नाही. मी नुसता हात लावला की समोरचा टॅप करतो. वाहतूक विभागातला एक गडी आहे, खांद्याने दार अडेल असा, त्याला सगळे कपाट म्हणतात. त्याने तर मी मोजा वर ओढत होतो तेव्हाच टॅप केलं.

दरारा म्हणतात तो हाच.

८ मार्च, रविवार

घरी सराव. उशीला पाठीमागून धरलं, पाय गुंडाळले, दोन मिनिटं दाबून ठेवलं. बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, उशीने टॅप केलं का. काही माणसांना दुसऱ्याचा उत्कर्ष बघवत नाही. चहात साखर होती, पण ती तिने घातलेली, मी नव्हे.

लेकीचा फोन आला. सांगितलं की मी अजिंक्य आहे. तिने विचारलं, बाबा, कुठल्या पकडीवर टॅप घेता. मी म्हणालो, सगळ्याच. मग विचारलं, पाठीवर उताणं पडलात तर आधी कोपर सोडवता की कंबर. हल्ली या मुलांना मोबाईलवर काय काय बघायला मिळतं. मी म्हणालो, ते समोरासमोर शिकवायचं असतं, फोनवर नाही. ती हसली. तिला हसताना ऐकलं की मला भीती वाटते आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम. याचं कारण माहीत आहे. इथे लिहीत नाही.

१० मार्च, मंगळवार

एकूण विजय पंधरा. आजपासून दुपारच्या सत्रात उस्तादांनी मला सेफ्टी मॅन केलं. काम असं: मॅटच्या कडेला उभं राहायचं, दोन जोड्या लोळत लोळत एकमेकांवर आपटणार नाहीत हे बघायचं, कुणी टॅप केलेलं जोडीदाराला कळलं नाही तर ओरडायचं, कुणी ढिला पडला तर लगेच सोडवायचं. गळ्यात शिट्टी. म्हणजे अर्धा उस्ताद झालोच. उरलेला अर्धा २१ तारखेला.

११ मार्च, बुधवार

शिट्टी चौदा वेळा वाजवली. चेहरे लाल दिसत होते म्हणून. एकदा एकजण हसत होता म्हणून. एकदा वाजते का ते बघायला.

१२ मार्च, गुरुवार

उस्तादांनी शिट्टी परत घेतली. ओरडायचं काम राहिलं आहे. शिट्टी जुन्या बनावटीची होती, बहुधा जपून ठेवायची असेल.

वजन केलं. त्र्याऐंशी किलो आठशे. स्नायू चरबीपेक्षा जड असतात.

१४ मार्च, शनिवार

विजय तेवीस. पराभव शून्य. तरीही आज मन खट्टू आहे.

प्रात्यक्षिकाची कामं वाटली. कपाटाला खालून सुटून दाखवायचं आहे. बाकीच्यांना वेगवेगळ्या पकडी. माझं नाव सगळ्यांत शेवटी आलं. मला वाटलं, कळस शेवटीच चढवतात. उस्ताद म्हणाले, काका, तुमचं काम एकच, पण सगळ्यांत महत्त्वाचं. पेन्सिल मागून गळ्याभोवती हात टाकेल. हळूच. तुम्ही तीनदा टॅप करायचं. तो सोडेल. तुम्ही दोघं उठून हात मिळवायचे. घरच्या लोकांना कळलं पाहिजे की त्यांची माणसं इथे सुरक्षित आहेत.

मी विचारलं, मी पकडतो आणि पेन्सिल टॅप करतो असं नाही का चालणार. उस्ताद एकदम म्हणाले, नको. मग जरा सावरून म्हणाले, तुम्ही केलेलं जास्त पटेल.

आठ वेळा तालीम झाली. करंगळीने टॅप केलं. उस्ताद म्हणाले, मागच्या रांगेतल्यांना दिसलं पाहिजे. मी म्हणालो, त्या दिवशी दिसेल.

१५ मार्च, रविवार

लिहूनच टाकतो. लेकीसमोर मला हे जमणार नाही. तिच्या चित्रात बाबांच्या दोन्ही हातांत दोन माणसं आहेत आणि ती खुर्चीत बसून काय बघणार? एक काडी पेन्सिल बाबांच्या मानेला लटकलीय आणि बाबा मॅट थोपटतायत. कुणी काहीही म्हणो, थोपटणं ते थोपटणंच.

नवी योजना. पेन्सिल गळ्याभोवती हात टाकील, तसा मी त्याचा हात धरून कमरेत वाकेन आणि त्याला डोक्यावरून पुढे टाकेन. लोक चकित. उस्ताद आधी रागावतील, मग विचारात पडतील. साहेब विचारतील, हा कोण? तिथल्या तिथे नियुक्ती. उशीवर बारा वेळा केलं. बारा वेळा जमलं. शेवटच्या खेपेला उशी खिडकीतून बाहेर गेली. बायकोने ती आणून ठेवली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आवडत नाही.

१८ मार्च, बुधवार

सहायक उस्तादाचं नाव प्रात्यक्षिकानंतर जाहीर करणार. सही नव्याने बसवतो आहे. स्टोअरची सही फार बारीक आहे, रकान्यात मावावी म्हणून केलेली. उस्तादाच्या सहीला जरा ऐसपैसपणा हवा. दोन पानं भरली.

उद्या साखर बंद.

२० मार्च, शुक्रवार

लेक आली. किती मोठी दिसते. बॅग मला उचलू दिली नाही. विचारलं, बाबा, मान अशी का धरलीय. मी म्हणालो, हा पवित्रा आहे. तिने मागून येऊन दोन बोटांनी मानेपाशी कुठेतरी दाबलं आणि मान पंधरा दिवसांनी पहिल्यांदा डावीकडे वळली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, असंच, हॉस्टेलवर. हॉस्टेलवर अभ्यास कधी करतात कोण जाणे.

जेवताना बायको मला म्हणाली, उद्या जे सांगितलंय तेवढंच करा. मी म्हणालो, तू काळजी करू नकोस. तिने लेकीकडे पाहिलं, लेकीने ताटाकडे.

२१ मार्च, शनिवार, सकाळी ६

गजराच्या आधी उठलो. अंग हलकं. उशीवर शेवटची तालीम नको म्हटलं, जोर राखून ठेवावा. आज संध्याकाळी ही वही वेगळा माणूस लिहील.

त्याच दिवशी, दुपारी ३

खालील प्रसंगाची मला स्वतःला माहिती नाही. लोकांनी सांगितलं ते लिहितो.

मला आठवतं ते एवढंच: साहेब पहिल्या रांगेत, बायको आणि लेक दुसऱ्या रांगेत, लेक पुढे वाकून बसलेली. उस्ताद हातात माईक घेऊन लोकांना सांगत होते की टॅप ही दोन सैनिकांमधली जबान आहे. पेन्सिलने हात टाकला. हळूच टाकला, पोरगा गुणी आहे. मी त्याचा हात धरला आणि कमरेत वाकलो. पेन्सिल उशीपेक्षा जड निघाला. तो कुठेही गेला नाही. माझी मान मात्र आणखी आत गेली. तो कानात म्हणत होता, काका, टॅप, काका, टॅप. मी लेकीकडे पाहिलं. नाही केलं.

मग मी छताकडे बघत होतो आणि माझे पाय कपाटाच्या हातात होते.

म्हणतात की सगळं मिळून चार-पाच सेकंद. मॅटच्या कडेला आज सेफ्टी मॅन कपाट होता. त्याला माझा हात ढिला पडलेला दिसला आणि तो सोड म्हणून असा ओरडला की पेन्सिलने त्याच क्षणी सोडलं. मेडिकलचा माणूस धावत आला. उस्ताद रंग उडालेल्या चेहऱ्याने माईकवर म्हणाले, टॅप केलं नाही तर काय होतं ते आपण पाहिलंत. लोकांना वाटलं ठरवूनच केलंय. टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांत मला पडलेल्या या पहिल्या टाळ्या आणि मी शुद्धीवर नव्हतो.

लेक खुर्च्या ओलांडून बुटांसकट मॅटवर आली होती. शुद्धीवर आल्यावर मी तिला पहिला शब्द बोललो तो असा: बूट. मॅटवर बूट चालत नाहीत. मग तिचा चेहरा नीट दिसला. ती रडत होती. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि घाबरवणारा मीच होतो.

सहायक उस्ताद: पेन्सिल.

त्याच दिवशी, ५ वाजता

मेडिकलच्या खोलीत पेन्सिल भेटायला आला. रडवेला झाला होता. म्हणाला, काका, माफ करा. मी म्हणालो, तेवीस वेळा जिंकलेल्या माणसाला एकदा चालतं. पोराला खोटं बोलता येत नाही, म्हणूनच तो उस्ताद झाला असेल. त्याने सांगितलं की ६ तारखेला, मी मॅट मोजत होतो तेव्हा, उस्तादांनी सगळ्यांना बजावलं होतं: काका पकड सोडत नाहीत, टॅप कळत नाही, म्हणून काकांचा हात लागला की ताबडतोब टॅप करा. कुणाचं हाड मोडायला नको.

नोंद दुरुस्त. विजय शून्य. मोज्याच्या वेळचाही धरता येत नाही.

उस्तादही येऊन गेले. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, काका, आज चूक माझी, तुमच्यावर नजर ठेवायची सोडून मी लोकांकडे बघत होतो. मी म्हणालो, छे, चूक स्टोअरची. असं मी पूर्वी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळी ठरवलं, लेकीला सांगून टाकायचं. उगाच लांबण नको. ती पेपर वाचत होती. मी म्हणालो, मी शिकवत वगैरे काही नाही, मी स्टोअरमध्ये असतो. ती म्हणाली, माहितीय. मी विचारलं, कालपासून? ती म्हणाली, सहावीपासून. आई एकदा तिला घेऊन माझा डबा द्यायला आली होती. मी शिडीवर उभा राहून ब्लँकेट मोजत होतो, मोठ्याने. मध्ये बोललं तर मोजणी चुकेल म्हणून दोघी डबा दारात ठेवून गेल्या.

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, तुम्ही ते चित्र घरातल्या कपाटाच्या दारावर लावलं होतंत, येईल त्याला दाखवायचात, तुमच्याच्याने ते काढवलं नसतं. म्हणजे चौदा वर्षं मी तिचं मन जपतोय असं समजत होतो आणि त्यातली दहा वर्षं ती माझं जपत होती. मला फार लाज वाटली. लाजेच्या खाली दुसरंही काही वाटलं, ते लाजेपेक्षा मोठं होतं.

मग तिचंही एक निघालं. कॉलेजात दोन वर्षं ती हेच शिकतेय. मॅट, पकडी, टॅप, सगळं. घरी सांगितलं नाही, कारण बाबा शिकवायला बसतील.

तिने टीपॉय भिंतीला सरकवला. म्हणाली, बसा. हॉलमधल्या सतरंजीवर आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. बायकोने स्वयंपाकघरातून चमचा ताटलीवर वाजवला, तीच शिट्टी. मी अजून वळतच होतो तोवर माझा दंड तिच्या हातात होता, तेही दुखेल न दुखेल इतकाच आवळलेला, जणू ती माझ्या टॅपची वाट बघत होती. सवयीने मनात आलं, टॅप करायचं नाही. मग काल मॅटवर पाहिलेला तिचा चेहरा आठवला.

सतरंजीवर हात आपटला. एकदा. दुसऱ्यांदा हात उचलायच्या आत तिने सोडलं होतं.

मी उठून बसलो आणि जरा दम खाऊन सांगितलं की नियम तीन वेळांचा आहे, तिच्या क्लासात हे शिकवलं नसेल तर तक्रार करायला हवी. ती म्हणाली, बाबा, बाकीच्यांसाठी तीन. तुमच्याकडून एक टॅप आला तरी मी सोडणार.